कोनाडा भिंतीबाहेर आला तेव्हा

आत्याच्या चिपळूणच्या घरात शिरलं की उजव्या हाताला भिंतीला पाठ लावून उभं असलेलं एक अरुंद, लांबट टेबल दिसतं. सागवानी, वर आरसा, खाली एकच खण. किल्ल्या, टॉर्च, विजेचं बिल, कुणाच्या तरी मुंजीची पत्रिका, सगळं त्या खणात. माघ-फाल्गुनात हा खण एका बोटाने ओढला तरी बाहेर येतो. आषाढ लागला की अडखळायला लागतो आणि श्रावणात दोन्ही हातांनी ओढला तर टेबल पुढे येतं, खण येत नाही. एका जुलैत आत्याने वैतागून सुतार बोलावला. त्याने खणाच्या कडा रंध्याने तासून दिल्या, खण सुरळीत चालू लागला, चहा पिऊन सुतार गेला. पुढच्या फेब्रुवारीत तोच खण चौकटीत इतका सैल झाला की ओढताना खडखडायचा आणि ढकलताना तिरका होऊन बसायचा.

टेबल तेच, खण तोच, सुतारही चांगला. चुकलं काय? हे कोडं नीट सोडवलं तर दुकानात उभं राहून पडणारा मोठा प्रश्नही बराचसा सुटतो: दारालगतच्या भिंतीसाठी जुनं टेबल शोधावं की नवं घ्यावं? माझ्या मते या प्रश्नाचं उत्तर टेबलाच्या वयात नाही. ते टेबल हवेतल्या पाण्याशी कसं जुळवून घेतं, यात आहे.

कीचकाच्या भावकीतलं टेबल

अशा टेबलाला दुकानात 'कन्सोल टेबल' म्हणतात. फ्रेंच भाषेत कन्सोल म्हणजे भिंतीतून पुढे आलेला, वरचा भार पेलणारा आधार. आपल्याला तो अनोळखी नाही. हेमाडपंती देवळात खांबाच्या माथ्याशी हात वर करून तुळई पेलणारे बुटके कीचक आठवा, किंवा वाड्याच्या सज्जाखालचे कोरीव लाकडी हस्त. फ्रेंच कन्सोल त्यांच्याच भावकीतला.

सतराव्या शतकाच्या अखेरीला फ्रान्समधल्या कारागिरांनी या आधाराचं टेबल केलं. पुढे दोन वळणदार, सोन्याचा वर्ख लावलेले पाय, वर संगमरवराची लादी, आणि मागे पायच नाहीत. मागची बाजू सरळ भिंतीला ठोकलेली. जे दिसणार नाही त्यावर लाकूड आणि मेहनत कशाला घालवा, हा त्यामागचा रोकडा हिशोब. राजवाड्यांतही काटकसर चालते ती अशी. व्हर्सायचा आरसेमहाल १६८४ मध्ये पूर्ण झाला, त्यात ३५७ आरसे. तिथे चांदीचं फर्निचरही होतं, टेबलांसकट. चौदाव्या लुईला युद्धासाठी पैसा कमी पडला तेव्हा १६८९ मध्ये त्याने ते सगळं वितळवायला लावलं. लाकडी टेबल वितळत नाही, हा त्याचा एक गुण कुठल्याच जाहिरातीत सापडत नाही.

कन्सोलच्या डोक्यावर आरसा का असतो, याचंही कारण सरळ आहे. विजेच्या आधीच्या काळात टेबलावरच्या मेणबत्तीचा भिंतीकडे जाणारा प्रकाश आरसा परत खोलीत पाठवायचा. एका मेणबत्तीच्या खर्चात दोन मेणबत्त्या. इंग्लंडमध्ये दोन खिडक्यांच्या मधल्या भिंतीशी असं टेबल आणि वर उंच आरसा ठेवायची रीत पडली.

आपल्याकडे हे काम कोनाडा करत होता. दीड-दोन फूट जाडीच्या भिंतीत खोबण ठेवली की दिवा, करंडा, किल्ल्या, चष्मा सगळं तिथे मावायचं, चालताना कोपर लागायचं नाही. मग भिंती नऊ इंचांवर आल्या, आतल्या भिंती त्याहून बारीक झाल्या आणि कोनाडा कोरायला भिंतच उरली नाही. किल्ल्या मात्र राहिल्या. कन्सोल टेबल म्हणजे भिंतीबाहेर यावं लागलेला कोनाडा, असं मी समजतो.

ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी हे टेबल थाटात आणलं. एकोणिसाव्या शतकात मुंबईत काळ्या शिसवी लाकडाचं कोरीव फर्निचर बनायचं, पानं-वेली जाळीसारख्या आरपार कोरलेल्या. पारशी आणि युरोपीय घरांतून त्याला मागणी असे. ते 'बॉम्बे ब्लॅकवुड' या नावाने आजही ओळखलं जातं. गोव्यात चांदोरच्या ब्रागांझा घरासारख्या जुन्या घरांच्या दिवाणखान्यांत कोरीव फर्निचर अजून जागेवर आहे. हे पाहायला जावं. विकत घेण्याआधी चांगलं काम डोळ्याखालून गेलेलं असलं की बाजारात फसायला कमी होतं.

दोऱ्या लांब होत नाहीत, फाकतात

आता खणाकडे. झाड कापलं, फळ्या पाडल्या, वर्षानुवर्षं वाळवल्या, पॉलिश केलं, तरी लाकूड हवेतलं पाणी घ्यायचं आणि सोडायचं थांबत नाही. शंभर वर्षांचं असलं तरी नाही. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास असेल तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण ९ टक्के पाणी असतं. आर्द्रता ८० टक्क्यांवर जाऊन काही आठवडे टिकली की हेच प्रमाण १५-१६ टक्क्यांवर जातं. कोकणातल्या पावसाळ्यात ती याहूनही वर असते.

हे पाणी बसतं कुठे? लाकूड म्हणजे झाडाच्या उंचीच्या दिशेने उभ्या असलेल्या अतिशय बारीक नळ्यांची पेंढी. प्रत्येक नळीची भिंत त्याच दिशेने जाणाऱ्या धाग्यांची बनलेली असते. सुंभाच्या पाच-पन्नास दोऱ्या शेजारी-शेजारी घट्ट लावून ठेवल्यात आणि त्यांच्यामध्ये पाणी शिरलं, तर काय होईल? दोऱ्या एकमेकींपासून फाकतील. पसारा रुंद होईल, लांबी तेवढीच राहील. लाकडाचं नेमकं हेच होतं.

आकड्यांत पाहू. सागवानाची ४० सेंटिमीटर रुंद फळी, लांबी १२० सेंटिमीटर. तिच्यातलं पाणी ९ वरून १५ टक्क्यांवर गेलं तर रुंदी चार-साडेचार मिलिमीटरने वाढू शकते. लांबी अर्धा मिलिमीटरही वाढत नाही. आणि हा सागवानाचा हिशोब आहे, जो या बाबतीत फार गुणी. युरोपातलं बीचचं लाकूड जवळजवळ दुप्पट हलतं.

रुंदीतही भेद आहे. झाडाच्या बुंध्यात वर्षागणिक पडणाऱ्या कड्या असतात, कापलेल्या कांद्यात दिसतात तशा. या कड्यांच्या कडेकडेने लाकूड जितकं फुगतं, त्याच्या साधारण निम्मंच ते गाभ्याकडून सालीकडे फुगतं. म्हणून ज्या फळीवर एकाआड एक डोंगर काढल्यासारखी नक्षी दिसते ती जास्त हलते, वाकते. जिच्यावर सरळ समांतर रेघा दिसतात ती शहाणी. गिऱ्हाईक मात्र डोंगरांवर भाळतं. मीही भाळलो होतो.

आता आत्याच्या खणाचा उलगडा होतो. खणाच्या बाजूच्या पट्ट्यांतले धागे मागे-पुढे जातात. म्हणजे त्या पट्ट्या फुगतात त्या उंचीत. १२ सेंटिमीटर उंचीची पट्टी पावसाळ्यात सव्वा मिलिमीटरभर वाढते आणि वरच्या पट्टीला जाऊन टेकते. जुलैत, म्हणजे ती पुरती फुगलेली असताना तिला तासली, तर फेब्रुवारीत आकसल्यावर तासलेलं अंतर आणि आकसलेलं अंतर अशी दोन्ही अंतरं एकत्र येणार. सुताराने हिशोब चुकवला नाही, महिना चुकवला.

जुना सुतार लाकडाला मोकळीक द्यायचा

लाकूड हलणारच हे मान्य करून टेबल बांधायचं, की हलणारं लाकूडच टाळायचं? जुन्या आणि नव्या टेबलातला खरा फरक या दोन वाटांचा आहे.

जुना कारागीर पहिल्या वाटेचा. तो टेबलाची वरची फळी खालच्या चौकटीला खिळ्यांनी जखडत नसे. चौकटीत आतून खाच घ्यायची, फळीला खालून छोटे लाकडी ठोकळे बसवायचे आणि ठोकळ्याची जीभ त्या खाचेत सरकती ठेवायची. फळी जागेवर राहते, पण आपल्या मर्जीने फुगते-आकसते. कपाटाच्या दारात हीच युक्ती: चारी बाजूंनी चौकट, तिच्या खोबणीत मधली फळी, आणि त्या फळीला चिकटवणी अजिबात नाही. पाटावर बसलेल्या माणसाला मांडी बदलायला जागा ठेवावी, तसं. जिथे ही मोकळीक दिली नाही तिथे फळी उभी फुटते आणि आपण म्हणतो, लाकूड खराब निघालं.

खणाच्या कोपऱ्यात पाहिलंत तर कबुतराच्या शेपटीसारखे पसरट दाते एकमेकांत गुंतलेले दिसतील. सुतार त्याला डोव्हटेलच म्हणतात. खण ओढताना जोर येतो तो पुढच्या फळीवर. शेपटीचा रुंद भाग अरुंद तोंडातून बाहेर निघूच शकत नाही, त्यामुळे चिकटवणी संपली तरी फळी हातात येत नाही. पाय आणि चौकट यांचा जोड म्हणजे एकात खोबण आणि दुसऱ्याला तिच्यात बसणारं कुसू.

आणि चिकटवणी म्हणजे सरस. जनावरांची हाडं-कातडी उकळून केलेला, गरम करून लावायचा. दमट हवेत तो मऊ पडतो, म्हणून जुन्या टेबलाचे पाय पावसाळ्यात डुगडुगतात. दोष म्हणा. पण त्याच दोषामुळे जुनं फर्निचर दुरुस्त होऊ शकतं: वाफ दिली की जोड सुटतो, साफ करून पुन्हा सरस लावला की बसतो. आजची पांढरी चिकटवणी लाकडापेक्षा घट्ट. जोड सोडवायला गेलं तर लाकूडच तुटतं. लवकर न मोडणारं आणि मोडलं तर जोडता येणारं, यातलं एकच मिळतं अनेकदा.

पापड, वडी आणि पोहे

दुसरी वाट कारखान्याची. लाकूड रुंदीत हलतं, लांबीत नाही. मग एका थराची लांबी दुसऱ्या थराच्या रुंदीवर चढवली तर? हेच प्लायवुड. पेन्सिलीला टोक काढताना जशी सलग साल निघते तशी ओंडक्याची पापडाएवढी पातळ साल काढायची, थर आडवे-उभे रचायचे, चिकटवणी लावून गरम दाबयंत्रात दाबायचे. आडवा थर फुगू पाहतो तेव्हा उभा थर त्याला धरून ठेवतो. थर नेहमी विषम संख्येत, कारण मधल्या थराच्या दोन्ही बाजूंना सारखाच ताण हवा, नाहीतर फळी पापडासारखीच वळेल.

इथे सगळी मदार चिकटवणीवर. दुकानदार 'एमआर' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ हवेतला ओलावा सोसणारं, पाणी सोसणारं नव्हे. 'बीडब्ल्यूआर' म्हणजे उकळत्या पाण्याच्या चाचणीलाही बराच वेळ टिकणारं. हे दोन्ही प्रकार आयएस ३०३ या भारतीय मानकात येतात, आणि मरीन प्लाय आयएस ७१० मध्ये. शिक्का फळीवरच छापलेला असतो. टेबल तयार झाल्यावर तो दिसत नाही, म्हणून बनवून घेत असाल तर फळी कापण्याआधी पाहा.

पार्टिकल बोर्ड म्हणजे राजगिऱ्याची वडी: लाकडाचा भुगा आणि राळेसारखी चिकटवणी दाबून केलेली. कडा सहज झडतात आणि एकदा काढलेला स्क्रू त्याच भोकात पुन्हा नीट बसत नाही. एमडीएफ त्याहून एकजीव. लाकडाचे तंतू सुटे करून, चिकटवणीत घोळवून दाबलेलं. अमेरिकेत १९६०च्या दशकात ते बाजारात आलं. सुती कापडासारखं गुळगुळीत, रंग सुंदर बसतो, कुठल्याही दिशेला सारखंच, त्यामुळे वाकत नाही. ऐटदार नव्या कन्सोलपैकी बरेचसे याचेच असतात. कोरड्या खोलीत उत्तम माल आहे, त्याला नाक मुरडायचं कारण नाही.

त्याचं वैर फक्त पाण्याशी. पोहे म्हणजे दाबून चपटे केलेले तांदूळ. भिजवले की फुगतात आणि नंतर कितीही वाळवले तरी पुन्हा तसे चपटे होत नाहीत. एमडीएफचे तंतूही असेच दाबलेले. पाणी लागलं की दाब सुटतो आणि कड कायमची फुगते. सागवान फुगतं आणि परत येतं, एमडीएफ फुगतं आणि तसंच राहतं. आता आपल्या घरात रोज काय होतं ते आठवा: फरशी ओल्या फडक्याने पुसली जाते. युरोपातल्या गालिचावर वीस वर्षं टिकलेल्या टेबलाचे पाय इथे दोन पावसाळ्यांत तळाशी फुगून येतात. मी स्वतः घेतलेल्या पहिल्या पांढऱ्याशुभ्र कन्सोलचे पाय असेच हत्तीपायासारखे झाले. त्याच्या पायांना खालून दोन रुपयांची प्लास्टिकची टोपणं बसवली असती तर तो वाचला असता.

लॅमिनेटबद्दल एकच गंमत सांगतो. कागदाचे थर राळेत भिजवून दाबलेला हा पत्रा १९१०च्या दशकात अमेरिकेत निघाला तो विजेच्या यंत्रांसाठी, अभ्रकाऐवजी. इंग्रजीत 'अभ्रकाऐवजी' म्हणजे 'फॉर मायका', म्हणून नाव 'फॉर्मायका'. आपण ज्याला सरसकट सनमायका म्हणतो ते एका कंपनीचं व्यापारी नाव, पण त्यातला 'मायका'ही अभ्रकच.

शंभर वर्षं म्हणजे किती

'अँटिक' हा शब्द बाजारात फार सैल वापरला जातो. पुरावस्तू आणि कलासंपदा कायदा, १९७२ नुसार फर्निचरसारखी वस्तू निदान शंभर वर्षांची असेल तरच ती पुरावस्तू. अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. अमेरिकेच्या जकात कायद्यात आधी १८३० पूर्वीची वस्तू ती अँटिक अशी अट होती, पुढे तीही शंभर वर्षांवर आली. म्हणजे १९५५ सालचं आजोबांचं टेबल जुनं आहे, प्रेमाचं आहे, पण अँटिक नाही. आणि वापरायला बहुधा तेच जास्त सोयीचं असतं.

मुंबईत भेंडीबाजाराजवळच्या मटण स्ट्रीटवर, पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात किंवा जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात फिरताना वय ओळखायचं कसं? युरोपीय पुस्तकांत खुणा दिलेल्या असतात: करवतीचे सरळ ओरखडे असतील तर जुनं, गोल करवतीचे कमानदार ओरखडे असतील तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरचं. हाताने कापलेले असमान दाते जुने, यंत्राने कापलेले एकसारखे दाते नवे. या खुणा इथे आणल्या की गोंधळ होतो. आपल्याकडे दोन माणसांनी ओढायचा मोठा आरा विसाव्या शतकातही बराच काळ चालला आणि हाताने डोव्हटेल कापणारे सुतार आजही आहेत. त्यामुळे हातकामाची खूण दिसली म्हणून टेबल जुनं ठरत नाही.

उलटी खूण मात्र पक्की. अधिक चिन्हाची खाच असलेला फिलिप्स स्क्रू १९३०च्या दशकातला. तो मूळ जोडात असेल तर टेबल त्याआधीचं नाही. पाठीला प्लायवुड असेल तर पाठ तरी बहुधा विसाव्या शतकाआधीची नाही. खुणा वय सांगत नाहीत, वयाची वरची मर्यादा सांगतात. एखादाच स्क्रू नवा असेल तर दुरुस्ती झाली असेल, सगळेच नवे असतील तर विक्रेत्याची कथा नवी आहे.

मग झीज पाहा. खरी झीज एकसारखी नसते. हात जिथे लागतो तिथे खणाच्या मुठीभोवती, पाय जिथे लागतो तिथे खालच्या पट्टीवर, आणि खण जिथून सरकतो त्या आतल्या पट्ट्यांवर चर. कारखान्यात साखळीने ठोकून आणलेली 'जुनाट' झीज सगळीकडे सारखी असते, कुणाचा हात कधी पोचणार नाही अशा कोपऱ्यातसुद्धा. किड्यांची भोकंही तशीच. खरा किडा लाकडात वाकडातिकडा फिरतो. ड्रिलने पाडलेल्या भोकात सुई घातली तर ती सरळ आत जाते. जोधपूरकडे जुन्या घाटाचं नवं फर्निचर मोठ्या प्रमाणावर बनतं, त्यातलं काही फार देखणं असतं. ते नवं म्हणून विकलं जात असेल तर तक्रार कसली?

अर्धगोल कन्सोल दिसला तर त्याची मागची सरळ कड चाचपून पाहा. मोठ्या जेवणाच्या टेबलाची दोन अर्धगोल टोकं काढून कन्सोल म्हणून विकायची जुनी चाल आहे. मागच्या कडेला बुजवलेली भोकं किंवा खाचा असतील तर ते टेबल कधीतरी दुसऱ्या अर्ध्याला जोडलेलं होतं. आणि पूर्ण गोल जुनं टेबल असेल तर टेपने दोन दिशांनी व्यास मोजा. दशकानुदशकं आकसून ते धाग्यांच्या आडव्या दिशेने काही मिलिमीटर कमी भरतं. अस्सल जुना गोल हा किंचित लंबगोल असतो.

> टेबलाखाली वाकताना
> खण पूर्ण बाहेर काढून टॉर्चने आत पाहा. आतलं लाकूड हवा-उजेडाने मळकट झालेलं हवं, रंग फासून काळं केलेलं नको. किड्याच्या भोकांतून फिकट, ताजा भुगा पडत असेल तर किडा अजून आत आहे, भोकं काळवंडलेली असतील तर बहुधा गेला. हा किडा सालीलगतच्या पांढरट लाकडातलं पीठ खातो, म्हणून कोवळ्या सागवानातला पांढरा पट्टा टाळावा. गाभ्यातल्या सागवानात नैसर्गिक रसायनं असतात, वाळवीला ती मानवत नाहीत. पाय हलवून पाहताना एकच पाय डुगडुगत असेल तर जोडाचं काम, चारही डुगडुगत असतील तर भाव कमी करायचं काम.

वर्तमानपत्राचं टेबल

जागा मोजणं हा कंटाळवाणा भाग, म्हणून लोक तो टाळतात. कन्सोल साधारण ७५ ते ८५ सेंटिमीटर उंच आणि ३० ते ४० सेंटिमीटर खोल असतो. शहरी फ्लॅटचं पॅसेज जेमतेम मीटरभर रुंद. त्यातून ४० सेंटिमीटर गेले तर भाजीची पिशवी घेऊन सरळ चालता येत नाही. टेबलाच्या मापाचं वर्तमानपत्र कापून जमिनीवर चिकटवा आणि दोन दिवस घरात नेहमीसारखं वावरा. कागद फाटला की टेबल मोठं.

तोलाचा मुद्दा मात्र गंभीर आहे. ८० सेंटिमीटर उंच, ३० सेंटिमीटर खोल आणि २० किलो वजनाचं टेबल वरच्या कडेला धरून पुढे ओढलं तर ते कलायला किती जोर लागतो? वजन मध्यापासून पुढच्या पायापर्यंतच्या १५ सेंटिमीटरच्या तरफेने टेबलाला जागेवर धरतं, आपला जोर ८० सेंटिमीटरच्या तरफेने त्याला पाडतो. २० गुणिले १५ भागिले ८०: जेमतेम पावणेचार किलो. चार वर्षांचं पोर लोंबकळलं तरी पुरे. संगमरवराच्या लादीमुळे वजन वाढतं, जोरही जास्त लागतो, पण एकदा कललं की तीच लादी आधी खाली येते. म्हणून जुनं असो की नवं, कन्सोल भिंतीला दोन पट्ट्यांनी जखडावा. फ्रेंचांनी तीनशे वर्षांपूर्वी तेच केलं होतं.

संगमरवर घेतलाच तर लिंबाचा थेंब लगेच पुसा. दगडातला चुना आम्लात विरघळतो आणि चकाकी जाते. हळदी-कुंकवाच्या दिवशी त्यावर सरळ एक रुमाल घालावा हे उत्तम.

गाव बदललं की टेबल कुरकुरतं

जुनं टेबल घेताना मी विक्रेत्याला सर्वात आधी विचारतो, हे आलं कुठून? ऐंशी वर्षं रत्नागिरीच्या हवेत मुरलेलं लाकूड दिवसरात्र एसी चालणाऱ्या घरात आणलं तर ते पूर्वी कधी आकसलं नसेल इतकं आकसतं. राजस्थानच्या कोरड्या हवेत जोडलेलं टेबल मुंबईच्या पहिल्याच पावसाळ्यात फुगून सांधे ढकलतं. शिकागो किंवा न्यू जर्सीला आजीचं टेबल नेणाऱ्यांना याचा फटका जास्त बसतो. तिथे हिवाळ्यात गरम केलेल्या घरातली हवा इतकी कोरडी होते की लाकडातलं पाणी ५-६ टक्क्यांवर येतं आणि पहिल्या जानेवारीतच रात्री टेबलातून ताडकन आवाज येतो. न्यायचंच असेल तर हीटरच्या झोतापासून दूर ठेवावं, खोलीत ओलावा राखावा. टेबल शिसवी असेल तर आणखी एक गोष्ट: शिसवाचं सगळं कुळ २ जानेवारी २०१७ पासून वन्य जाती-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली आहे आणि दहा किलोंहून अधिक शिसवी लाकूड सीमेपार न्यायला कागदपत्रं लागतात. पुरावस्तू असेल तर प्रश्नच मिटला, ते जाणार नाही.

पॉलिश ही लाकडाची छत्री असते, रेनकोट नव्हे. ती पाण्याची ये-जा मंदावते, थांबवत नाही. जुन्यावर बहुतेक लाखेचं पॉलिश असतं, चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने चढवलेलं. गरम कप ठेवला की पांढरं वलय उठतं, पण तिथेच पुन्हा बोळा फिरवला की नवा थर जुन्यात विरघळून एकजीव होतो. नवं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश चहाला दाद देत नाही, मात्र खरचटलं तर तेवढंच दुरुस्त होत नाही, सगळं घासावं लागतं. कुठलं आहे हे कळत नसेल तर न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा एक थेंब टाका. चिकट झालं तर लाख. आणि लाख असेल तर, विक्रेता कितीही म्हणाला तरी, 'घासून नवं करून देतो' याला नकार द्या. त्या घासण्यात जाते ती वरची झीज, आणि आपण पैसे मोजलेले असतात ते तिच्यासाठी.

माझ्यापुरतं सांगायचं तर समुद्राजवळच्या घरासाठी मी शंभर वर्षांचं किंवा पाच दिवसांपूर्वीचं टेबल शोधणार नाही. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी इथल्याच हवेत, इथल्याच सुताराने, पक्क्या सागवानात केलेलं टेबल शोधेन. असं टेबल 'अँटिक' नसल्यामुळे दुकानदार त्याला काचेत ठेवत नाही, कोपऱ्यात ठेवतो. कोरड्या, पोटमाळ्यासारख्या छोट्या घरात, दोन वर्षांनी बदली होणार असेल तर, चांगल्या प्लायचं नवं टेबल हेच शहाणपणाचं.

आत्याच्या खणाची गोष्ट अजून संपलेली नाही. सैल झालेल्या खणाला दुसऱ्या एका म्हाताऱ्या सुताराने खालून सागवानाच्या पातळ पट्ट्या लावून दिल्या. यंदाच्या जुलैत तो पुन्हा अडला. आत्याने त्यालाच बोलावलं. त्याने खण कसाबसा बाहेर काढला, पिशवीतून रंधा काढलाच नाही, देवघरातली अर्धी मेणबत्ती मागून घेतली आणि पट्ट्यांवर खालून-वरून घासली. खण कुरकुरत का होईना, आत गेला.

"एवढंच?" आत्या म्हणाली.

"एवढंच, वहिनी. तासायचं काय ते तुळशीच्या लग्नानंतर बघू. आत्ता लाकूड पाहुण्यासारखं फुगलंय, त्याचं खरं माप आत्ता कळायचं नाही."